वाघ गेला त्या वाटेने

२०१९ च्या जून महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. टी१ वाघिणीचा हा पहिला बछडा, म्हणून वनखात्याच्या कागदोपत्री त्याचं नाव टी१सी१. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचा माग राहिला. तेलंगणातलं जंगल, पैनगंगा अभयारण्य, पुसद-इसापूरचा टापू, आमचा हिंगोली जिल्हा, वाशीम असं करत तो बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि तिथेच थांबला. नऊ महिन्यांत तो सुमारे ३००० किलोमीटर चालला. भारतात वाघाच्या एवढ्या लांब प्रवासाची नोंद तोवर झालेली नव्हती.

यंदा संपादकांनी अंकासाठी ‘डोंगर आणि घळी’ हा विषय ठरवला आणि सांगितलं, गाडीने करता येईल अशी सहल आखा, स्वतः फिरून या आणि मग लिहा. अशा सहलीचं नाव काढलं की घरोघरी आधी लडाख, स्पिती किंवा जैसलमेर आठवतं. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ते ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनचे फोटो दाखवतात. ती ठिकाणं सुंदर आहेत यात वादच नाही. पण हिंगोलीत राहणाऱ्या माणसाने सहल हिंगोलीपासूनच का सुरू करू नये? मी वाघाच्या प्रवासाचा नकाशा समोर ठेवला. त्या नकाशात डोंगर होते, नदीने कापलेल्या घळी होत्या, उघडे माळ होते आणि आकाशातून पडलेल्या दगडाने पाडलेला एक अजस्र खड्डाही होता. हे सगळं पैनगंगा आणि अजिंठ्याची डोंगररांग या दोन रेघांच्या आसपास येतं. सहल आखायला याहून चांगला आधार मला सापडला नाही.

नदी उलटी धरायची

पैनगंगा बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, मेहकरवरून वाशीम-हिंगोलीच्या शिवेवर येते, इसापूरच्या धरणात अडते आणि पुढे उमरखेड-किनवटच्या जंगलातून वर्धा नदीला मिळायला जाते. आपण तिच्या उलट जायचं. आधी खालचा सहस्रकुंड धबधबा, मग हिंगोलीचा मुलूख, मग लोणार, मेहकर, बुलढाणा आणि शेवटी अजिंठा. असं गेलं की जमीन हळूहळू चढत जाते आणि अजिंठ्याला एकदम तुटते. तो तुटलेला कडा शेवटी आला तरच त्याची खोली कळते. आधी अजिंठा पाहून मग माळावर उतरलं तर पुढची सगळी वाट सपाट वाटते.

मोबाइलवर हिंगोली ते अजिंठा असं टाकलं तर तो सर्वांत लवकर पोचवणारा रस्ता दाखवतो. सहलीला हा हिशोब उपयोगाचा नाही. अकोला-नांदेड महामार्गावर हळद वाहणाऱ्या एका टेम्पोवाल्या भाऊंनी चहा पिता पिता सांगितलं, “मोठ्या रोडनं टाइम वाचतो साहेब, पण काही दिसत नाही. बघायचं असंल तर सेनगावावरून रिसोडला निघा.” त्यांचं ऐकलं आणि तेच बरोबर निघालं.

दुसरा हिशोब ऋतूचा. श्रावण-भाद्रपदात धबधबे भरलेले असतात, पण कातळ निसरडा असतो आणि काळ्या मातीतल्या आडवाटांवर चाक रुततं. वैशाखात ऊन सोसत नाही. दिवाळी ते संक्रांत हा काळ सर्वांत चांगला. पाण्याला धार असते, आकाश धुतलेलं असतं, कापूस फुटलेला असतो आणि तूर फुलावर असते. आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात डोंगराच्या पायऱ्या गवताखाली झाकलेल्या असतात. दिवाळीनंतर गवत पिवळं पडून बसतं आणि दगडाचे थर दिसू लागतात.

तिसरा हिशोब वाराचा, आणि बहुतेकांची सहल इथेच फसते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. पहिला दिवस सहस्रकुंडाचा, दुसरा औंढा-लोणारचा, तिसरा मेहकर-बुलढाण्याचा आणि चौथा अजिंठ्याचा धरला, तर शुक्रवारी निघणारा माणूस नेमका सोमवारी अजिंठ्याच्या बंद दारात उभा राहतो. शनिवारी निघालं तर मंगळवारी अजिंठा आणि हवं तर बुधवारी वेरूळ, दोन्ही उघडी मिळतात.

सहस्रकुंडाचा कातळ

हिंगोलीहून कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, पुढे हदगाव. तिथून धबधब्याला जायला दोन बाजू आहेत. नदीच्या एका काठाला नांदेड जिल्ह्यातलं इस्लापूर, दुसऱ्या काठाला यवतमाळ जिल्ह्यातलं मुरली. दोन्ही काठांवरून तोच धबधबा वेगळा दिसतो, म्हणून वेळ असेल तर दोन्हीकडून पाहावा.

पैनगंगा इथवर संथ, रुंद, दोन्ही काठांना शेती घेऊन येते. मग अचानक काळ्या कातळाचं पटांगण लागतं आणि पाणी शेकडो धारांत फुटून खालच्या घळीत कोसळतं. मी कातळावर बसून बराच वेळ एकच जागा पाहत होतो. हातभर रुंदीचा गोल खळगा, आत घागरीसारखा फुगलेला, तळाशी चार-पाच गुळगुळीत गोटे. पुराच्या भोवऱ्यात हेच गोटे गरगर फिरतात आणि दगड कोरतात. पाणी ओसरलं की गोटे आत बसून राहतात, पुढच्या पुराला पुन्हा कामाला लागतात. शेजारी-शेजारी असलेले दोन रांजणखळगे मधली भिंत झिजून एक होतात, मग त्यांची कुंडी होते, कुंड्या जोडल्या गेल्या की चर पडतो आणि चराची घळ होते. नदी डोंगर कसा कापते हे पुस्तकात वाचून जेवढं कळतं त्याहून जास्त त्या एका खळग्यात हात घालून कळलं.

इथे जाण्यापूर्वी एक चौकशी करायचीच. सहस्रकुंड इसापूर धरणाच्या खाली आहे. पाऊस थांबल्यावर धारा किती जाड असणार हे धरणाखालच्या ओढ्या-नाल्यांवर आणि धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरतं. दरवाजे उघडले असतील तर पाणी बघता बघता चढतं. काठावर मासे धरणारे एक मामा पोरांना ओरडून मागे बोलवत होते. “कातळ वाळलेला दिसला म्हनून पुढं जाऊ नका. वरून पानी सोडलं की दम धरत नाही ते.” स्थानिक माणूस मागे हो म्हणाला की मागे व्हायचं, हा नदीकाठचा पहिला नियम आहे.

दगड वाचायला शिकावं

हिंगोलीपासून अजिंठ्यापर्यंत आपण एकाच दगडावरून जातो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला आणि त्यावर पुन्हा नवा लाव्हा पसरला. असे एकावर एक थर भाकरीच्या चवडीसारखे रचले गेले. दख्खनचं पठार म्हणतात ते हेच.

सगळे थर सारखे नाहीत. काही काळेकुळकुळीत आणि पोलादासारखे टणक, तर काहींत लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिलेली. हे भोकांचे थर लवकर झिजतात. विहिरी खोदणाऱ्यांना हे सगळं पाठ असतं. मुरूम संपून मांजऱ्या लागला की ते खूश असतात, काळा पाषाण लागला की सुरुंग काढतात. दोन थरांमध्ये कुठे कुठे गेरूसारखी तांबडी पट्टी दिसते. एक थर थंड होऊन, ऊन-पाऊस खाऊन त्याची माती होईपर्यंत पुढचा लाव्हा आला नव्हता, याची ती खूण.

घळी तयार होण्याचं कारणही या थरांतच आहे. पाणी वरच्या टणक थरावरून खाली पडतं आणि पायाशी असलेला मऊ थर खरवडतं. वरचा दगड आधाराविना लोंबकळतो आणि एक दिवस तुटतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. असा तो मागे मागे जात राहतो आणि पुढे उभ्या भिंतींची घळ सोडत जातो. ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीने चुनखडी, वाळूचा दगड, चिकणमातीचा दगड असे समुद्राच्या आणि वाळवंटाच्या गाळातून झालेले थर कापलेत. ती घळ दीड किलोमीटरहून खोल आहे. आपल्या घळी तेवढ्या खोल नाहीत, पण इथे नदीने कापलाय तो ज्वालामुखीचा दगड. रस्त्याच्या कडेला घाट फोडलेला दिसला की गाडी थांबवून तो काप पाहावा. मुलांना तांबडी पट्टी शोधायला सांगावं, ती तासभर कंटाळत नाहीत.

घरचा मुलूख

हिंगोलीच्या लोकांना आपला जिल्हा सहलीचा वाटत नाही. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा बाहेरच्यांना औंढा नागनाथामुळे माहीत असतो. औंढ्याचं मंदिर पाहताना आधी प्रदक्षिणा करावी. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम आणि वरचा, नंतर बांधलेला भाग यांतला फरक लगेच दिसतो. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून उतरावं लागतं आणि काळ्या दगडाचा गारवा अंगाला जाणवतो. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते इथे, अशी परंपरा आहे. नामदेवांचं जन्मस्थान मानलं जाणारं नर्सी इथून लांब नाही, कयाधू नदीच्या काठी. नामदेव इथून निघाले आणि पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्या काळी एवढा प्रवास करणाऱ्या माणसाच्या गावात सहलीची सुरुवात व्हावी, हे मला योग्य वाटतं.

औंढा तालुक्यातल्या दुधाळा गावाजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहत आहे. विश्वात दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी सूक्ष्म थरथर होते, ती टिपण्यासाठी काटकोनात ठेवलेल्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा इथे बांधल्या जाणार आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. जागा निवडताना सपाट, मोकळी आणि शांत जमीन हवी होती. ज्या माळाला आपण उजाड म्हणून नाक मुरडतो, त्याच माळाचं मोकळेपण जगाला हवंसं वाटलं.

दिवाळीच्या सुमारास वसमत-औंढ्याच्या रस्त्याला हळदीची शेतं कमरेएवढी उभी असतात. काढणी आणि शिजवणी संक्रांतीनंतर. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिमूटभर हळद आणि एक लिंबू पुढच्या मुक्कामासाठी बरोबर घ्यावं.

लोणार: हळद आणि खारं पाणी

सेनगाव, रिसोड आणि लोणार. हिंगोलीहून हा रस्ता शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. लोणार जवळ आलं तरी काही दिसत नाही, सपाट शेत आणि गाव. काठावर गेल्यावर जमीन एकदम पायाखालून नाहीशी होते. १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल खड्डा, उतारावर झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. उल्का या ज्वालामुखीच्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, आदळून एवढं मोठं आणि इतकं शाबूत राहिलेलं विवर पृथ्वीवर दुसरं नाही. चंद्र आणि मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणूनच इथे येतात. त्याचं वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या घरात मानलं जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं.

काठावर गोमुखाची धार आहे. गोड पाण्याचा हा झरा बारमाही वाहतो आणि उतरून खाऱ्या तळ्याला मिळतो. इथून खाली जाणारी वाट पावसात निसरडी असते आणि तळ्याचं पाणी वाढलं की काठाची वाट बुडते, म्हणून उतरण्यापूर्वी वनरक्षकाला विचारायचं.

पाणी अल्कधर्मी आहे हे मुलांना दाखवायचं असेल तर हळद काढावी. मी कागदाच्या तुकड्यावर ओली हळद चोळली आणि बोट तळ्यात बुडवून एक थेंब त्यावर टेकवला. पिवळा डाग पाहता पाहता विटेसारखा तांबडा झाला. लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. वनरक्षक पाहत होते. त्यांनी बजावलं, “कागद खिशात ठेवा दादा. तळ्यात काही टाकायचं नाही आणि तळ्यातलं काही न्यायचं नाही.” याच पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं होतं. त्याच वर्षी लोणारला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळालं. संध्याकाळी गावातलं दैत्यसूदन मंदिर जरूर पाहावं आणि मुक्काम लोणारलाच करावा. सकाळी आठच्या आत विवराचा काठ चालून झाला पाहिजे, कारण तिरप्या उन्हातच उतारावरचे थर नीट दिसतात.

मेहकर ते बुलढाणा

मेहकरला पैनगंगा पुन्हा भेटते, पण इथे ती लहान आहे. शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती पाहून चिखलीमार्गे बुलढाण्याकडे निघायचं. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा भागातून जातो. परतीला तो सोयीचा आहे, जाताना टाळावा. वाट वाकडी करायची तयारी असेल तर जिजाऊंच्या जन्मस्थानी, सिंदखेडराजाला जाऊन यावं.

बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावर वसलंय. शहराबाहेर मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट आहे. घाटाच्या तोंडाशी थांबलं की खाली मलकापूरच्या बाजूचा सखल मुलूख पसरलेला दिसतो. दख्खनची उत्तरेकडची कडा इथे पायाखाली आहे. खामगावच्या बाजूला ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०५ चौरस किलोमीटरचं हे जंगल अस्वल आणि बिबट्यांचं. टी१सी१ याच जंगलात थांबला. त्याच्या प्रवासाची पाच हजारांहून जास्त ठिकाणं कॉलरवरून नोंदली गेली. तो बहुतेक रात्री चालला. शेतं, नाले, कालव्यांचे काठ, झुडपी जंगल असं धरत त्याने माणसांच्या गावांमधून वाट काढली. आपण ज्याला पडीक म्हणतो तीच त्याची वाट होती.

अजिंठ्याची घळ

बुलढाण्याहून डोंगरमाथ्यावरूनच अजिंठा गाव गाठता येतं. लेण्यांत शिरण्यापूर्वी वरच्या व्ह्यू पॉइंटवर जायचं. तिथून वाघूर नदीने कापलेली घोड्याच्या नालेच्या आकाराची घळ एका नजरेत मावते. समोरच्या उभ्या कड्यात ३० लेण्यांची रांग आणि घळीच्या टोकाला सात कुंडांचा धबधबा. आता सहस्रकुंडाचा रांजणखळगा आठवावा. हेच काम इथे लाखो वर्षं चालल्यावर काय होतं ते समोर आहे. मागे सरकत गेलेला धबधबा टोकाला उभा आहे आणि त्याने सोडलेल्या भिंतीत भिक्खूंनी लेणी कोरली. वर्षावासासाठी त्यांना पाणी, निवारा आणि एकांत हवा होता. नदीने तिन्ही तयार ठेवले होते. सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीची, नंतरची बरीचशी पाचव्या शतकातली.

मग घाट उतरून फर्दापूरला यावं. खाजगी गाड्या फर्दापूर तिठ्यावर ठेवाव्या लागतात आणि पुढचे ४ किलोमीटर बसने जावं लागतं. चित्रांना धुराचा त्रास होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. सकाळी दार उघडतानाच आत असावं, कारण दुपारनंतर गर्दी वाढते आणि अंधाऱ्या लेण्यात डोळे सरावायला वेळ मिळत नाही.

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख खरडून ठेवली आहे. तो वाघाच्या शिकारीसाठी या डोंगरात आला होता, असं सांगतात. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, २०१९ मध्ये, एक वाघ चालत याच डोंगररांगेत आला, आणि या वेळी लोक त्याच्या सुखरूप पोचण्याची वाट पाहत होते. या दोनशे वर्षांत आपण निदान एवढं शिकलो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

निघण्यापूर्वी

स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक चालतो का, हे घरीच पाहावं. टाकी तालुक्याच्या गावी भरून घ्यावी, आडवाटेला पंप मिळेलच असं नाही. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावा, जंगलपट्ट्यात रेंज जाते. पाणी घरून न्यावं आणि प्लास्टिक घरी परत आणावं. एका दिवसात दोनच ठिकाणं धरावीत. तिसरं धरलं की तिन्ही घाईत होतात. रात्री गाडी चालवू नये, याला दोन कारणं आहेत. दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो. आणि रात्री हा रस्ता रोही, रानडुक्कर, बिबट्या यांचा असतो. गावात भाकरी, ठेचा, पिठलं मिळालं तर तेच खावं, त्या पैशातून त्या गावात कुणाचा तरी सण होतो.

सरकारकडे मागणं एकच आहे. नदीकाठचं झुडूप, पडीक माळ आणि ओढ्यांचे काठ यांना रिकामी जमीन समजू नये. रस्ते रुंद करताना प्राण्यांना खालून जायची वाट ठेवावी. आणि वाचकांना विनंती, यंदाच्या सुट्टीत लांबचं तिकीट काढण्याआधी ही वाट एकदा करून पाहा. शनिवारी निघा, उजेडात मुक्कामाला पोचा आणि परत आल्यावर शेजाऱ्यालाही सांगा. आपल्या जिल्ह्याचे डोंगर ज्यांनी पाहिलेत तीच माणसं पुढे ते राखतील.